अष्टविनायक ते मसाई मारा : आमची वाटचाल

आमच्या टूर्सची सुरुवात सांगलीत दोन गाड्यांवर झाली, अष्टविनायक, गाणगापूर, लग्नाची वऱ्हाडं, जे येईल ते करायचो. केनियाचं वेड लावलं ते आमच्या ह्यांच्या मित्राने, तो नैरोबीत नोकरीला होता, त्याच्याकडे गेलो, मसाई मारा हे तिथलं अभयारण्य बघितलं आणि तिथेच ठरलं की आपल्याकडच्या रिटायर्ड शिक्षकांना, बँकवाल्यांना, बागायतदारांना हे दाखवायचंच. दुबई-थायलंड का नाही करत असं अजून विचारतात लोक, पण एकच देश करायचा आणि तो नीट करायचा हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं.

सिंह-हत्ती शोधायचं काम तिथला ड्रायव्हर करतो आणि झकास करतो. आमचं खरं काम निघायच्या आधीचं. प्रत्येक ग्रुपला ऑफिसात बोलावतो, चहा-पोहे होतात आणि मग एकेकाचे कागद बघतो. यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी, कारण सर्टिफिकेट तेव्हापासून धरतात (एकदा घेतली की आयुष्यभर चालते). सर्टिफिकेटचं ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात आणि 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ऍलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचंच, ह्यात आम्ही कुणाचं ऐकत नाही, मलेरियाच्या गोळ्यांचंही तिथेच विचारून घ्या. जानेवारी 2024 पासून केनियाचा व्हिसा गेला आणि ऑनलाइन ईटीए (निघायच्या आधी घ्यायची प्रवासाची परवानगी) आलं, ते लहान पोरांनासुद्धा लागतं, आणि फक्त सरकारी साइटवरूनच भरा, दिसायला तशाच साइट्स जास्त पैसे उकळतात.

मग बॅगा. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि आपली सवय काय तर चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या पिशवीत! म्हणून आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडून नाडीच्या कापडी पिशव्या शिवून घेतो आणि प्रत्येकाला देतो, जुन्या साड्यांच्या असतात, बायका टूर संपल्यावर त्या परत देत नाहीत. स्वेटर घ्या म्हटलं की सगळे हसतात, आफ्रिकेत कशाला स्वेटर, पण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या टपाच्या गाडीत उभं राहिलात की कान बधिर होतात.

जेवणाचं टेन्शन नको. ग्नू प्राण्यांचं (हरणाच्या कुळातले, कळपाने फिरणारे) नदी ओलांडणं साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका आपला श्रावण त्यात येतो आणि निम्म्या ग्रुपचे उपास असतात. केनियात रताळी, केळी, शेंगदाणे भरपूर, उकडलेली रताळी तर तिथे नाश्त्यालाच खातात, चपाती-भात-डाळही मिळते. लॉजला आधी कळवलं की मनापासून करून देतात ते लोक.

एका जीपमध्ये सहाच माणसं, प्रत्येकाला खिडकी, हा नियम आम्ही कधी मोडला नाही, त्यामुळे आमचा रेट थोडा जास्त दिसतो. शिवाय माराची एंट्री फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर, तीही फक्त 12 तासांची, सकाळी 6 ते संध्याकाळी 6, त्यामुळे सीझनला पॅकेज महागच पडतं. डॉलर नव्या छपाईचे, न फाटलेले न्या, एका काकांची जुनी नोट तिथल्या काउंटरवर कुणी घेईना, शेवटी ग्रुपमधल्यांनीच बदलून दिली.

2020 ला सगळं थांबलं तेव्हा पुन्हा अष्टविनायकाच्या गाड्यांनीच तारलं. आता मुलगी बुकिंग बघते, आणि तिचं माझं एकाबाबत एकमत आहे, ज्यांना नदीचाच सीन बघायचा हट्ट नाही त्यांनी फेब्रुवारीत जावं. सिंह, चित्ते, हत्ती बाराही महिने तिथेच असतात, गर्दी कमी, फी निम्मी. यंदाचाही ग्रुप फेब्रुवारीतच काढतोय, लस आणि ईटीएला वेळ मिळावा म्हणून डिसेंबरच्या आत नाव कळवा.