एकच चाल, निराळे शब्द

लिस्बन. गुरुवार, रात्री साडेअकरा

आज बायरो आल्तो या वस्तीतल्या एका मोठ्या जेवणघरात फादो, म्हणजे इथलं गितारीच्या साथीचं गाणं, ऐकायला गेले. बसल्या बसल्या समोर पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडलं. मागितलं नव्हतं, पण भूक होती म्हणून खाल्लं आणि बिलात सगळ्याचे वेगळे पैसे लागले. ही इथली जुनी रीत आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, हे उशिरा कळलं. पैशांचं फारसं वाटलं नाही. गाणारी बाई जीव ओतून गात होती आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी उद्याच्या सहलीचं ठरवत होती, ते लागलं. तिने एकदाच डोळे उघडून तिकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. रागावलीसुद्धा नाही. तिचं ते पाहणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी येऊन घरमालकीणबाईंना सांगितलं. त्या पंच्याहत्तरीच्या, जन्म अल्फामा या इथल्या जुन्या वस्तीतला. म्हणाल्या, "मेनीना, सोमवारी माझ्याबरोबर चल." मेनीना म्हणजे पोरी. मी चाळिशी ओलांडली आहे, तरी त्यांनी तसं म्हटलं की बरं वाटतं.

रविवार

फादोच्या संग्रहालयात तीन तास गेले. अल्फामाच्या पायथ्याशी आहे, 1998 साली उघडलेलं. नंतर चढ चढत मोरारियात गेले. 1147 साली लिस्बन ख्रिस्ती राजाच्या हाती गेल्यावर मुसलमानांना राहायला दिलेली ही वस्ती. पुढे इथल्याच गल्लीत फादो गाणारी मारिया सेव्हेरा राहत असे. ती 1846 साली वारली, जेमतेम 26 वर्षांची. फादो गाणाऱ्या बाया खांद्यावर काळी शाल घेतात ती तिच्या सुतकाची, असं म्हणतात. आज त्याच वस्तीत बांगलादेशी दुकानं आहेत. मी कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या तिथूनच आणते.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. 1926 च्या लष्करी उठावानंतर पुढच्याच वर्षी सरकारने हुकूम काढला: गाणाऱ्याकडे परवाना हवा, जागेला परवाना हवा आणि शब्द आधी तपासून घ्यायचे. तोवर फादो रस्त्यात, गुत्त्यात, बंदरावर कुठेही उभ्या उभ्या रचला जाई. आता तो ठरलेल्या घरांत, ठरलेल्या गायकांकडे गेला. टेबलं, जेवण, मंद दिवे असा जो थाट आज "अस्सल" म्हणून दाखवतात, त्यातला बराचसा त्या बंधनातून घडलेला आहे. त्यात थोर गाणंही झालं, हे मला मान्य आहे. फादोची सर्वांत नावाजलेली गायिका आमालिया रॉद्रिगेश याच काळात मोठी झाली. 1999 साली ती गेली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. पण सरकारने तपासून न दिलेले शब्द गाणारी माणसं कुठे गेली असतील, हे मनातून जात नव्हतं.

सोमवार संपून मंगळवार लागलाय, पावणेदोन

झोप येणार नाही. लिहिते.

बाईंनी नेलेली जागा अल्फामातल्या एका बोळात होती. नाव लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. सहा टेबलं. माइक नाही, मंच नाही. दाराशी दोन खुर्च्या, त्यांवर वादक. एकाकडे व्हियोला, म्हणजे आपण जिला गिटार म्हणतो ती. दुसऱ्याकडे पोर्तुगीज गितारा: पेरूच्या फोडीसारखं गोल पोट, बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्या आणि वर खुंट्यांचा पंखा. तारा नखांनी छेडतात, तीही फक्त अंगठा आणि तर्जनी वापरून. कोइंब्रा शहरातली गितारा एक स्वर खाली लावतात. तिथे परंपरेने पुरुषच गातात आणि दाद टाळ्यांनी नाही, घसा खाकरून देतात. हे सगळं बाई कानात सांगत होत्या. तेवढ्यात दिवे मंद झाले आणि गल्ल्यामागचा माणूस म्हणाला, "सिलेन्सियु." शांतता, आता फादो गायला जाणार आहे.

सगळी खोली खरोखर गप्प झाली. मडक्याच्या ताटलीत चोरिसो पेटवून भाजत होते, ती ज्योतही कुणीतरी फुंकून विझवली. अशी शांतता मी यापूर्वी आमच्या सावंतवाडीत विठ्ठलमंदिरात ऐकली आहे, गजर संपून पहिला अभंग सुरू व्हायच्या आधीची.

या गाण्याला "फादु व्हादियु" म्हणतात. व्हादियु म्हणजे भटका. बिदागी नाही, यादी नाही, ज्याला गावंसं वाटेल त्याने उठायचं. पाव कापणारा साठीचा माणूस हात पुसत आला. वादकांना फक्त चालीचं नाव आणि पट्टी सांगितली. त्याचा आवाज फाटलेला होता, वरच्या स्वराला पोचत नव्हता. तिथे तो स्वर अर्ध्यात सोडून देई आणि गितारा ती जागा भरून काढी. तीन फादो गाऊन तो परत पाव कापायला गेला. लोक ओरडले, "आ फादिश्ता!" फादिश्ता म्हणजे फादो गाणारा.

मग विशीतली एक मुलगी उठली. ती गायला लागली आणि दुसऱ्या ओळीला मला कळलं की ही मघाचीच चाल आहे. लय थोडी संथ, वळणं वेगळी, शब्द पूर्ण निराळे, पण चाल तीच. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मेनोर." फादोच्या मुळाशी तीन चाली आहेत, मेनोर, कोर्रिदु आणि मोरारिया. त्या कुणी बांधल्या ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांतल्या चालीत ज्याने त्याने आपले शब्द घालायचे आणि ती आपल्या पद्धतीने वळवायची. वळवण्याला इथे शब्द आहे, "इश्तिलार". नुसती जशीच्या तशी चाल म्हटली तर तो फादिश्ता नाही.

मला आईचं भजनी मंडळ आठवलं. तिथेही असंच. एक चाल धरली की तीत चार संतांचे चार अभंग बसतात आणि सरुमावशी तीच चाल अशी फिरवते की पेटीवाला मान डोलावतो. याला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं. हजारो मैलांवर, पाव आणि बटाटा हे आपले दोन शब्द जिथून आले त्या गावात, आमच्या मंदिरातली रीत समोर चालली होती. गोव्यात फादो अजून गातात, सोनिया शिरसाट तर नावाजलेल्या आहेत. पण गोवा घरापासून एवढा जवळ असून मी कधी ऐकायला गेले नाही, याचं आज वाईट वाटलं.

गाणं संपलं तेव्हा बाईंचे डोळे भरले होते. मी अर्थ विचारला. शब्द त्या मुलीचे स्वतःचे होते. तिची आजी ज्या इमारतीत पन्नास वर्षं राहिली ती पर्यटकांच्या खोल्यांसाठी रिकामी केली. शेजारी एकेक करून नदीपलीकडे गेले. आता जिन्यात चाकांच्या बॅगांचा आवाज येतो आणि आजी प्रत्येक वेळी विचारते, कोण आलं? एवढंच गाणं. बाईंच्या जिन्यातही आता तिघंच जुने उरले आहेत. युनेस्कोने 2011 साली फादोला मानवजातीचा वारसा म्हटलं, त्याचा मला आनंदच आहे. पण ज्या गल्लीत त्याला शब्द मिळतात ती गल्ली कुणी राखायची?

निघताना त्या मुलीचे हात हातात घेतले. पोर्तुगीजमध्ये मला एवढंच बोलता आलं: ओब्रिगादा, आभारी आहे.

मंगळवार, सकाळ

आईला फोन केला. तिकडे दुपार होती. रात्रीचं सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "चाल कशी होती? म्हण बघू."

मी गुणगुणले. दोनदा म्हणायला लावली. इथल्या लोकगीतांची ओळ सात अक्षरांची मोजतात, पण शेवटच्या आघातापर्यंतच मोजायची पद्धत असल्याने प्रत्यक्षात बहुतेकदा आठ होतात, हे मी तिला सांगितलं. "मग लहान अभंग बसेल की," ती म्हणाली. "थांब, टाळ घेते."

पहिले दोन चरण नीट बसले. तिसऱ्याला सम चुकली. ती म्हणाली, "परत," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.