पंखा बंद करा

काल चेंबूरला सोनाराकडे गेले होते, नातीच्या बारशासाठी बिंदल्या घ्यायला. तोलायच्या आधी त्यानं पंखा बंद केला. मला इतकं बरं वाटलं! तीस वर्षं माझी युरेनियम तोलण्यात गेली.

नातेवाइकांत अजून समजूत आहे की मी 'बाँबचं काहीतरी' करायचे. मी स्टँडर्ड करायचे. म्हणजे बाकीचे आपली मोजमापं ज्याच्याशी ताडून बघतात तो नमुना. युरेनियमचा तुकडा हवेत काळा पडतो. नायट्रिक ॲसिडमध्ये तो थर उतरवायचा, पाण्यानं, मग ॲसिटोननं धुवायचा, सुकवायचा आणि पुन्हा काळवंडायच्या आत तोलायचा. तेवढ्यात कुणी दार उघडलं तर माझ्या तोंडून काय निघायचं, ते इथे नको.

नवी असताना सरांना पहिले आकडे दाखवले. ते म्हणाले, "यात हवा कुठाय?"

हवाही वस्तूला थोडी उचलून धरते. स्टीलच्या वजनांशी तोललं तर ग्रॅमभर पातळ द्रावण साधारण 1 मिलिग्रॅमनं हलकं दिसतं. युरेनियम शिशाच्या दीडपटीहून जड, ते उलट किंचित जास्त भरतं. मी दोन्ही सोडून दिलं होतं. "हजारात एक तर आहे," मी पुटपुटले.

सरांनी खडू उचलला. जपानचा रोक्काशो प्रकल्प, म्हणजे अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखाना, वर्षाला 800 टन इंधनासाठी आखलेला. त्यात प्लुटोनियम सुमारे 8 टन. त्याचा हजारावा भाग 8 किलो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बाँबच्या हिशेबाला धरते तेही 8 किलोच. मी वही उचलली आणि परत तोलायला गेले.

अशा कारखान्यांसाठी बेल्जियममधल्या गीलची प्रयोगशाळा कुप्या तयार करते. एका कुपीत साधारण 50 मिलिग्रॅम युरेनियम, 2 मिलिग्रॅम प्लुटोनियम. वाळवलेलं, आणि प्रवासात पोपडे सुटू नयेत म्हणून वर सेल्युलोजचा पातळ थर, नेलपॉलिशसारखा. कारखान्याच्या टाकीतलं, विरघळवलेल्या इंधनाचं द्रावण तोलून थेट त्यात घालायचं आणि समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण किती बदललं यावरून टाकीचा हिशेब लावायचा. प्लुटोनियमच्या कुपीवर तारीख मात्र हवीच. त्यातलं प्लुटोनियम-241 चौदा-एक वर्षांत निम्मं होतं. स्टँडर्डच झिजतं म्हणा ना.

बिंदल्यांचं वजन चोख निघालं. घडणावळीचा आकडा ऐकल्यावर मीच त्याला पंखा लावायला सांगितला.