तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधलं ग्रीक पुराण खरं असतं का?

गेली अकरा वर्षं मी कोल्हापुरात घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवते. पुस्तकं बदलायला मुलांबरोबर आई-वडीलही येतात, आणि मी गेम खेळते हे आता त्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे एक प्रश्न दर पंधरा दिवसांनी येतोच: "ताई, पोरगं दिवसभर झ्यूस, हेडीस, मेड्युसा करत असतं. हे खरंच त्या लोकांच्या पुराणात आहे, का गेमवाल्यांनी मनाचं घातलंय?"

मनाचं पुष्कळ घातलंय. पण मनाचं घालण्याची रीत त्या पुराणांइतकीच जुनी आहे. ग्रीकांकडे सगळ्यांनी प्रमाण मानावी अशी एक पोथी नव्हती. कवी होमर एक सांगतो, कवी हेसिअड दुसरं, अथेन्सचे नाटककार तिसरंच, आणि पुढे रोमन कवी ओव्हिड त्यातल्या कितीतरी गोष्टींना वेगळं वळण देतो. आपल्याकडे जांभूळ आख्यान आहेच की. द्रौपदीच्या मनातला तो कर्ण भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 इतकी वर्षं हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या आवृत्तीत सापडत नाही. तरी गोंधळात आख्यान रंगलं की ऐकणाऱ्याला ते महाभारतच वाटतं. म्हणून कुठलाही गेम हातात घेतला की "हे बरोबर का चूक" हे मी आधी बघत नाही. बदल करणाऱ्याला मूळ गोष्ट ठाऊक होती का, आणि त्या गोष्टीतलं दुखणं त्याने जपलं का, हे बघते.

याचं मला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे 'हेडीस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्स या छोट्या कंपनीने तो सप्टेंबर 2020 मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. पाताळाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रियस. मुलाला बापाचं घर सोडून वर, पृथ्वीवर जायचंय. वाटेत तो मरतो, रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्याच घरात बाहेर येतो, आणि परत निघतो.

त्या घरात एका दालनाशी भाला घेऊन अकिलीस उभा असतो. ट्रॉयच्या युद्धातला सगळ्यात मोठा वीर, इथे मात्र राजाच्या नोकरीत. आल्या-गेल्या झॅग्रियसला तो चार शब्द सांगतो, धीर देतो. पहिल्यांदा खेळले तेव्हा मला वाटलं, ओळखीचा चेहरा म्हणून उभा केलाय. मग होमरच्या 'ओडिसी'चा अकरावा सर्ग आठवला. तिथे ओडिसियसला अकिलीसचा आत्मा भेटतो. ओडिसियस म्हणतो, तू जिवंतपणी देवासारखा होतास, इथेही मेलेल्यांवर तुझीच सत्ता, तुला कसलं दुःख? त्यावर अकिलीस म्हणतो, साऱ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा मी एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मजुरी केली असती. आता गेममधला तो भालावाला पुन्हा बघा. मजुरी त्याला मिळाली, पण मेलेल्यांच्याच घरात. इलिझियम म्हणजे मेलेल्या वीरांचा स्वर्ग; तिथली आपली जागा त्याने मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी, सोडलेली असते आणि बदल्यात ही चाकरी पत्करलेली असते. ही देवघेव होमरमध्ये नाही. पण 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत येऊन अकिलीसला विनवतं, की आपल्या दोघांच्या अस्थी वेगळ्या ठेवू नकोस. ज्याने गेम लिहिला त्याने ही विनवणी नीट ऐकलेली आहे. खूप वेळा मरून, खूप वेळा दोघांशी बोलून शेवटी त्यांची भेट घालता येते. ती घातली त्या रात्री मी गेम बंद करून बराच वेळ नुसती बसून होते.

खुद्द झॅग्रियसचं मूळ तर फार धूसर आहे. एस्किलसच्या हरवलेल्या नाटकांच्या तुकड्यांत तो हेडीसशी जोडलेला दिसतो. उलट ऑर्फियसच्या नावाने चालणाऱ्या पंथाच्या परंपरेत झ्यूस आणि पाताळाची राणी पर्सेफनी यांच्या मुलाला टायटन, म्हणजे आधीच्या पिढीतले देव, फाडून खातात, तोच पुढे मद्याचा देव डायोनायसस म्हणून जन्मतो, आणि त्या मुलाला झॅग्रियस म्हणायची प्रथा नंतर पडली. दोन गोष्टी, एकमेकींशी न जुळणाऱ्या. गेमने काय केलं? डायोनायससच्या सांगण्यावरून झॅग्रियस गायक ऑर्फियसला थाप मारतो की आम्ही दोघं एकच, आणि भोळा ऑर्फियस त्यावर खरंच स्तोत्र रचतो. म्हणजे गेममध्ये पहिली परंपरा खरी ठरली, आणि दुसरी कशी जन्मली तेही त्यातच सांगून झालं. हे अडाण्याचं काम नाही.

'गॉड ऑफ वॉर'बद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. 2005 च्या पहिल्या गेमपासून नायक क्रेटॉस स्पार्टाचा योद्धा. पुराणातला क्रेटॉस वेगळा. तो म्हणजे मूर्तिमंत बळ, माणसांसाठी आग चोरणाऱ्या प्रॉमीथियसला खडकाला जखडताना उभा राहून दरडावणारा. गेममधल्या क्रेटॉसचं दुःख मुळात हेरॅक्लीसचं: वेड्या आवेशात स्वतःच्याच बायकोमुलांना मारलेल्या बापाचं. गेममध्ये त्या बायकोची आणि मुलीची राख त्याच्या अंगाला कायमची चिकटते, म्हणून तो पांढरा दिसतो. युरिपिडीसच्या नाटकातल्या त्या बापाचं दुःख मला या पांढऱ्या कातडीत दिसतं, आणि तेवढ्यासाठी मी त्या गेमला मान देते. बाकी रक्ताचा चिखल फार. युरोपात तो 18 वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि 'हेडीस' 12 वर्षांपुढच्यांसाठी. बारा वर्षांच्या मुलाला 'गॉड ऑफ वॉर' घेऊन देऊ का, असं विचारणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

आता मेड्युसा. इथे मला बहुतेक गेमांचा राग येतो. सापांचे केस, दगड करणारी नजर, आणि मुंडकं छाटलं की ते आपलं हत्यार. 'गॉड ऑफ वॉर'मध्ये तेच. तिची गोष्ट कुणी सांगतच नाही. 'हेडीस'मध्ये निदान एक गॉर्गन, म्हणजे मेड्युसाच्या जातीची, आहे, नुसतं उडतं डोकं, नाव ड्यूसा. ती राजवाड्यात झाडलोट करते, बोलताना अडखळते, लाजते, आणि तिच्याशी मैत्री करता येते. एवढ्यानेही मला बरं वाटलं होतं.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. 'हेडीस'मधला पोसायडन त्याचा लाडका, कारण तो झॅग्रियसचा हसरा, मोठ्या आवाजाचा काका आहे आणि लाटांचं बळ देतो. मी त्याला आमच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. 1940 च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली, सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून, घाट चढून इथवर आलेली. हातात मावेल एवढीशी. "हा एवढाच?" म्हणाला, पण काचेपासून हलेना.

परवा त्याने मेड्युसाबद्दल विचारलं तेव्हा मी ओव्हिडची गोष्ट त्याच्यापासून लपवली नाही. सुंदर केसांची मुलगी होती. समुद्राच्या देवाने मिनर्व्हा देवीच्या (ग्रीकांच्या अथेनाच्या) देवळात तिच्यावर बळजबरी केली. मिनर्व्हाने तोंड फिरवलं आणि शिक्षा दिली ती त्या मुलीला. साप आले ते तेव्हा.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "समुद्राचा देव म्हणजे आपल्या टाउन हॉलमधला?"

मी हो म्हणाले. रोमन त्यालाच नेपच्यून म्हणत, हेही सांगितलं. त्याने गेम चालू केला, पहिल्याच दालनानंतर पोसायडनचं वरदान समोर आलं, आणि ते घ्यावं की नाही यावर तो बराच वेळ थांबला.