ओलं का वाळलं?

2020 च्या ऑक्टोबरात आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला राहायला आलो. सामान लागायच्या आधीच गल्लीतल्या अंगणांमध्ये खोचलेल्या पाट्या दिसल्या, 'बायोमास नको' म्हणणाऱ्या. मला आधी गोबरगॅस आठवला. शेणाच्या टाकीला एवढा विरोध कशाला, म्हणून मी शेजारच्या आजींना विचारलं. त्या मूळच्या पोर्तो रिकोच्या. बोलता बोलता त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे किल्ल्या अडकवायच्या हुकाला नातवाचा निळा इन्हेलर दोरीनं टांगलेला होता. दुसरा त्याच्या दप्तरात आणि तिसरा गाडीत, असं त्यांनी बोटं मोजून सांगितलं.

या शहराची जगाला ओळख एवढीच, की 1891 मध्ये बास्केटबॉल इथे जन्मला. दुसरी ओळख कोणी अभिमानानं सांगत नाही. दमा आणि ॲलर्जीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेनं 2018 आणि 2019, अशी दोन्ही वर्षं स्प्रिंगफील्डला देशाची 'दम्याची राजधानी' ठरवलं. आणि याच शहराच्या पूर्व भागात 35 मेगावॅटचं वीज केंद्र येऊ घातलं होतं. रोज हजार टनांहून जास्त लाकूड जाळून वीज करायची, असा बेत. पाट्यांवरचा बायोमास तो हाच.

रात्री (नागपुरात सकाळ) मी हे बाबांना फोनवर सांगितलं. बाबांची सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली. मला वाटलं, दम्याचं ऐकून हळहळतील. ते हसले.

"पस्तीस? पस्तीस मेगावॅटसाठी भांडून राहिले? अगं, आपल्या कोराडीच्या वीज केंद्रातले ते 660 मेगावॅटचे तीन संच चालू असले नं, तर त्याच्याहून जास्त वीज तो प्लांट स्वतःच खाते. पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या."

मग थोडं थांबून खरा प्रश्न आला. "लाकूड ओलं का वाळलं?"

मला माहीत नव्हतं. शोधलं तर ओलं. आधीचा बेत बांधकामाच्या पाडापाडीतलं लाकूड जाळायचा होता. नगर परिषदेनं 2008 मध्ये त्याला परवानगी दिली. पण त्या लाकडावर रंग, पॉलिश आणि काय काय असतं, म्हणून लोक भडकले. मग कंपनीनं बेत बदलला आणि झाडांच्या ताज्या ढलप्या जाळू म्हणाली. परिषदेनं 2011 मध्ये परवानगी मागे घेतली, तर त्याच वर्षी राज्याच्या पर्यावरण खात्यानं हवेत धूर सोडायचा परवाना दिला. पुढे दहा वर्षं कोर्टकचेरी.

"ताज्या लाकडात निम्मं पाणी असते," बाबा म्हणाले. "म्हणजे ट्रकनं पाणी आणायचं, ते बॉयलरात उकळून चिमणीतून सोडायचं आणि मग उरलेल्यावर वीज. तुझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं. आमची आजी हिंगण्याकडच्या खेड्यातली. पावसाळ्यात चुलीत ओली काडी गेली की फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. म्हणून ती उन्हाळ्यातच पऱ्हाटी आणि तुराट्या गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवायची. शेवटची वेचणी झाली की कपाशीचं झाड म्हणजे सरपण. तुरीचं झाड म्हणजे सरपण, झाडू आणि कुडाची भिंत. 'बायोमास' हा शब्द तिच्या कानावर कधी पडला नाही, पण आयुष्यभर तिनं तोच जाळला.

इथे मी जरा अडकले. पाट्यावाल्यांच्या बाजूनं होतेच मी, पण मनात म्हणायची, की लाकूड काय, पुन्हा उगवतं. कोळसा थोडाच उगवतो? याच राज्यानं करून घेतलेला 2010 चा एक अभ्यास वाचला आणि ते डोक्यातून गेलं. झाड जाळलं की कार्बन आज बाहेर पडतो आणि तो शोषणारं झाड वाढायला वर्षं लागतात. हे कर्जच. कोळशाच्या जागी लाकूड जाळलं तर ते फिटायला वीसेक वर्षं, आणि नैसर्गिक वायूच्या जागी जाळलं तर नव्वदच्या वर. पऱ्हाटीचं तसं नाही, ती एका हंगामाची. ती सरकीपासून पुन्हा वर्षभरात उभी राहते, आणि गुलाबी बोंडअळीपायी शेतातून उपटून काढावीच लागते. आपल्याकडे 2021 मध्ये केंद्रानं औष्णिक केंद्रांना कोळशात 5 टक्के बायोमासच्या गोळ्या मिसळणं सक्तीचं केलं, ते असल्या काडीकचऱ्यासाठी. बाबांना ते पटतं, पण वाहतुकीवर अडतं. "बंडीभर पऱ्हाटी म्हणजे अर्धी हवा. शेतातच चुरा करून गोळी केली तर परवडेल, नाही तर डिझेलच जाळत बसा."

त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या लोकांची एक ऑनलाइन बैठक झाली. आजींचा माईक चालेना, म्हणून त्या आमच्याकडे येऊन माझ्या लॅपटॉपवरून बोलल्या. दोन मिनिटं मिळाली होती. आकडे एकही नाही. नातवाला शाळेतून न्यायला किती वेळा फोन आला, तेवढंच सांगितलं. मी पाठीमागे चहा गाळत उभी होते आणि मला भलतंच आठवत होतं. आमची आई वाळवण घालायच्या आधी गच्चीवर जाऊन पदर हातात धरून बघायची, वारा कुठला आहे ते. वीज केंद्राच्या चिमण्यांकडून असला तर कुरडया घरात, पंख्याखाली. ती उडून येणारी राखड आम्ही कधी तक्रारीचा विषय समजलोच नाही. बाबांचा पगार तिथूनच यायचा.

2021 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यानं स्वतःच दिलेला परवाना रद्द केला. बांधकाम वेळेत सुरू झालं नाही हे एक कारण, आणि दम्याचं शहर, गरीब वस्ती हे दुसरं. आजींनी नारळाचं फ्लान करून आणलं. चव थेट आपल्या खरवसाच्या वळणाची.

पुढच्या वर्षी, जुलै 2022 मध्ये, कोराडी केंद्राची राख साठवणाऱ्या खसाळ्याच्या तलावाचा बांध पावसात फुटला. नाल्यांतून वाहणाऱ्या राखेचे व्हिडिओ बाबांनीच पाठवले, खाली एक अक्षर न लिहिता. 2023 च्या मे महिन्यात कोराडीत आणखी दोन 660 च्या संचांसाठी जनसुनावणी होती. बाबा डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा घेऊन गेले. मी फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलले?"

"बोललो कुठे," ते म्हणाले. "नंबरच नाही आला माझा. पण नाव लिहून दिलं होतं, बेटा."

काय बोलणार होता, ते मी अजून विचारलेलं नाही. दिवाळीला घरी गेले की गच्चीवर विचारीन.