दाराबाहेरचा थोरला भाऊ

नववीत धर्मशिक्षणाच्या तासाला बाईंनी उधळ्या पुत्राचा दाखला, येशूने सांगितलेली बोधकथा, वाचून दाखवला. धाकटा मुलगा वाट्याची मालमत्ता उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून बाहेरच राहतो. बाईंनी विचारलं, "मग थोरला भाऊ मेजवानीला आत गेला का?" आम्ही एका सुरात "हो" म्हणालो. "कुठे लिहिलंय? दाखवा." बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आम्ही पुन्हा पुन्हा धुंडाळला. बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच थांबते. मला येशूचा चक्क राग आला. तोवर श्रद्धा म्हणजे प्रश्नाखाली लिहायचं बरोबर उत्तर, असंच मी धरून चाललो होतो.

दहावीच्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. सहा वर्षांचा होता. भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. प्रार्थना एकही चुकवली नाही. तिच्यात भावाचं नाव घेणं मात्र टाळलं. बाईंनी ते कसं ओळखलं कोण जाणे. परीक्षा संपल्यावर त्यांनी रशियन लेखक दस्तयेवस्कीची 'करामाझॉव्ह बंधू' ही कादंबरी माझ्या हातात ठेवली. "घाई करू नकोस. आणि इव्हानला भिऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

इव्हान आपल्या धाकट्या भावाला, मठात राहणाऱ्या आल्योशाला, छळ झालेल्या लहान मुलांच्या हकिकती सांगतो. एका लेकराचे अश्रू मोजून मिळणारा स्वर्ग मला नको, माझं तिकीट मी परत करतो, असं त्याचं म्हणणं. मी पुस्तक मिटलं. जे मी स्वतःशीही बोललो नव्हतो ते इथे छापलेलं होतं, आणि लिहिणारा ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा होता! आल्योशा त्याला कसं खोडून काढतो ते बघायला मी अधाशासारखा पुढे वाचत गेलो. तो खोडून काढतच नाही. ख्रिस्ताची आठवण देतो आणि शेवटी उठून भावाचं चुंबन घेतो. दस्तयेवस्कीचा स्वतःचा मुलगा १८७८ साली, तीन वर्षांचाही झाला नसताना वारला, त्याचंही नाव आल्योशाच होतं, हे मला फार पुढे कळलं. त्या रात्री मी भावाचं नाव घेऊन देवाशी भांडलो. बायबलातल्या ईयोबानेही मुलंबाळं गमावल्यावर देवाशी असाच वाद घातला होता. पण ईयोबाचं पुस्तक मी तोवर फक्त पाठ केलं होतं.

कॉलेजात जपानी लेखक शुसाकु एन्दोची १९६६ सालची 'सायलेन्स' ही कादंबरी वाचली. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये यातना भोगणाऱ्या शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी धर्मगुरू रॉड्रिग्ज श्रद्धा सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. त्याने ते करायला हवं होतं का, यावर माझं मत अजूनही ठरत नाही. पण मला झोपू दिलं नाही ते किचिजिरोने. पुन्हा पुन्हा फितूर होणारा आणि पुन्हा पुन्हा पापांगीकारासाठी, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, येणारा हा माणूस. रॉड्रिग्जला त्याची किळस येते, मलाही आली. बायबलात दुसऱ्याची बायको हिरावलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्टा गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्या श्रीमंतावर दावीद असाच संतापतो आणि नाथानाकडून ऐकतो, "तो मनुष्य तूच आहेस."

त्याच वर्षी होस्टेलात एका मित्रावर चोरीचा आळ आला होता. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो होतो. त्याला खोली सोडावी लागली. सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, मी सगळं सांगितलं. तो "आत ये" म्हणाला नाही, दारही लावलं नाही. बराच वेळ आम्ही दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होतो.