फायसाचं डावं-उजवं अखेर जुळलं (सर्पिल विदलन, तुकडी ३)

तुकडी ३ चा तिढा सुटला. फायसा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या अंड्यांच्या एकाच पुंजक्यात, सर्पिल विदलनात (अंड्याच्या पेशी दुभंगताना तिरक्या सरकतात तेव्हा), आठ पेशींच्या टप्प्यावर काही अंडी डावी आणि काही उजवी नोंदली जात होती. अंडी ठीक होती, बघणं चुकत होतं.

पहिला संशय मातृप्रभावावर होता. लिम्निया या गोगलगायीच्या शंखाचं वळण पिल्लाच्या नव्हे, आईच्या जनुकांवर ठरतं, असा उलगडा १९२३ मध्येच मांडला गेला. त्यामुळे उजव्या आईला डावी पिल्लं होऊ शकतात. पण मग अख्खा पुंजका एकाच बाजूला वळायला हवा. सरमिसळ दिसली, तिथेच हे कारण बाद झालं.

खरी गोम ध्रुवाची. चारच्या आठ पेशी होताना वरचे चार मायक्रोमियर (छोट्या पेशी) खालच्या मोठ्या पेशींमधल्या खाचांवर सरकतात. प्राणीध्रुवावरून, म्हणजे अंड्याच्या वरच्या टोकावरून, पाहिलं तर हे सरकणं लिम्नियात घड्याळाप्रमाणे (उजवं) आणि फायसात उलट (डावं) असतं. तेच भ्रूण खालून पाहिलं की दिशा फिरते. म्हणून आता खूण एकच: पोलर बॉडी, म्हणजे अंडं पक्व होताना बाहेर पडणाऱ्या इवल्या पेशी. प्राणीध्रुवावर चिकटलेले ते इवलेसे पारदर्शक मणी सर्वांत वरच्या फोकसला, भ्रूणाच्या मध्यभागी स्पष्ट दिसले, तरच अंडं मोजायचं. कडेला दिसले तर नोंदीत प्रश्नचिन्ह. या गाळणीनंतर फायसाच्या सगळ्या नोंदी डाव्या आल्या. काय समाधान वाटतं ते पान बघताना!

कॅमेराही तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा १८० अंशांत फिरलेली असते, त्याने डावं-उजवं बदलत नाही. आरशातल्यासारखी उलटली तर मात्र बदलतं, आणि फोनची काही अ‍ॅप्स फोटो तसाच साठवतात. छापील ‘क’ ऑब्जेक्टिव्हखाली ठेवून फोटो काढा. कागदावर फोटो फिरवून ‘क’ नीट वाचता आला तर ठीक. कसाही फिरवला तरी उलटाच राहिला तर त्या फोनच्या जुन्या नोंदी सगळ्या पलटवाव्या लागतील.

वेळेचा घोळ तिसरा. चौथं विदलन तिसऱ्याच्या विरुद्ध दिशेने होतं, त्यामुळे सोळा पेशींवर पोचलेलं अंडं हमखास फसवतं. २५ अंशांना दोन विदलनांत साधारण तासाभराचं अंतर असतं. चार पेशींपासून बसायचं आणि दर ५ मिनिटांनी फोटो घ्यायचा.

मांडणी अशी: पुंजका ओल्या फिल्टर पेपरवर हलकेच लोळवून जेली काढा, अंड्यांच्या कॅप्सूल सुट्या करा आणि खळग्याच्या स्लाइडवर ठेवा. कव्हरच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलीनचे ठिपके द्या, म्हणजे अंडी चेपणार नाहीत. पाणी टाकीतलंच घ्या, आणि कडेने दर अर्ध्या तासाला एक थेंब सोडा. हॅलोजन दिवा नकोच. त्याच्या उष्णतेने विदलन मध्येच थांबतं. मंद एलईडी, तोही फक्त फोटोपुरता.

सारणीतही एक बदल. ‘कोरकरंध्राचं (भ्रूणात पडणाऱ्या पहिल्या छिद्राचं) तोंड होतं की गुदद्वार’ हा रकाना गट ठरवण्यासाठी यापुढे वापरायचा नाही, फक्त वर्णनासाठी राहील. ग्रोबेन यांनी १९०८ मध्ये प्रोटोस्टोम (रंध्राचं तोंड होणारे) आणि ड्यूटेरोस्टोम (रंध्राचं गुदद्वार होणारे) ही विभागणी मांडली, पण प्रियापुलिड हे समुद्री कृमी प्रोटोस्टोम असूनही त्यांच्यात रंध्राचं गुदद्वारच होतं. एवढ्या एका खुणेवर गट लावणं धोक्याचं.

पुढची तुकडी ट्युबिफेक्स या गांडुळासारख्या कृमीची ठरली होती. पण त्यात चारांपैकी एक पेशी फारच मोठी असते, त्यामुळे वरून सरकण्याची दिशा वाचणं अवघड. त्याआधी प्लॅनॉर्बिडच (गोगलगायींच्या एका कुळातला) घ्यावा. चकतीसारख्या सपाट शंखावरून तो डावा की उजवा, यावर नवखे कायम अडतात. शरीररचना मात्र डावी. आठ पेशींवर तेच उत्तर मिळतं का, ते याच गाळणीने तपासू. ‘क’ची चाचणी आधी.