डायव्हिंगचं सर्टिफिकेट: तरणतलाव पुण्यात, समुद्र हॅवलॉकचा

मालवणला दोन वर्षांपूर्वी ‘स्कूबा’ केलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात एका दणकट मुलाने माझी टाकी मागून धरून मला वीस मिनिटं पाण्याखाली फिरवलं, माशांना पाव घातला आणि फोटो काढले. मजा आली, पण मी स्वतः काहीच केलं नव्हतं. शिकायचं तेव्हाच ठरलं.

पहिलं सर्टिफिकेट ‘ओपन वॉटर डायव्हर’चं. पाडी (PADI) आणि एसएसआय (SSI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था. पाडीचं घ्या किंवा एसएसआयचं, दोन्ही जगभर चालतात. ते मिळालं की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत उतरता येतं. शिक्षणाचे तीन भाग: थिअरी, तरणतलावातले किंवा उथळ शांत पाण्यातले सराव, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. हे तिन्ही एकाच ठिकाणी करायला हवेत असं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पहिले दोन भाग घराजवळ करून त्याचा सही-शिक्क्याचा कागद घ्यायचा आणि समुद्रातलं दुसरीकडे पुरं करायचं, याला ‘रेफरल’ म्हणतात.

मी बेचाळिशीची, पोहणं बेताचं. भाचा एकोणीस वर्षांचा, जिल्हा पातळीवर पोहलेला. तो म्हणाला, “मावशी, दोन महिने तलावात कशाला घालवतेस? अंदमानात हॅवलॉक बेटावर चार दिवसांत सगळं होतं.” त्याचं चुकलं नव्हतं. त्याने तिथेच पूर्ण कोर्स करायचं ठरवलं. मी थिअरी रोज रात्री फोनवर केली आणि तलावातला भाग पुण्यात.

त्याचं कारण मास्क. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी घ्यायचं, वरची कड दाबून नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. वाचायला सोपं. नाकाशी पाणी आलं की मी तोंडानेही श्वास घेणं बंद करायचे आणि सरळ वर यायचे. हे घालवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तलावात उभं राहिलं की डोकं पाण्याबाहेर येत होतं, म्हणून निभावलं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही हा पहिला नियम, आणि माझं शरीर नेमकं तेच करत होतं. हॅवलॉकला, बोट भाड्याने ठरलेली, गटातले बाकीचे खोळंबलेले, अशा वेळी मला या तीन संध्याकाळी कोण देणार होतं?

(जाता जाता: टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. हे मी आतापर्यंत निदान दहा नातेवाईकांना सांगितलं आहे.)

पोहण्याची चाचणी २०० मीटरची, वेळेचं बंधन नाही, शिवाय दहा मिनिटं तरंगायचं. बेताच्या पोहणाऱ्यालाही जमते. आरोग्याचा फॉर्म मात्र घरीच भरून बघा. दमा, रक्तदाब अशा एखाद्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलंत तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती मिळवायला बेटावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीत श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, फेरीने हॅवलॉकला पोचलो. माझा कागद आधीच ईमेलने पाठवला होता, तरी प्रशिक्षकाने उथळ पाण्यात मास्क आणि रेग्युलेटरचे (तोंडात धरून टाकीतली हवा घ्यायचं उपकरण) सराव पुन्हा करून घेतले. घ्यायलाच हवेत, जो घेत नाही त्याच्यासोबत मी उतरले नसते. पहिल्या दोन डाइव्ह नेमो रीफला, किनाऱ्यावरून चालतच. खाली तो बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक?’ विचारायचा आणि मी आपली मान डोलवायची. त्याने चौथ्यांदा विचारल्यावर लक्षात आलं की पाण्याखाली मान डोलवण्याला काही अर्थ नाही, उलट तेच वर्तुळ करून दाखवायचं. टाकीतली हवा २०० बारवरून (बार हे दाबाचं माप) सुरू झाली आणि ५० शिल्लक ठेवून वर यायचं होतं. माझी बत्तीस मिनिटांतच तिथवर आली. घाबरट माणूस जास्त हवा खातो.

कोर्स ठरवताना नुसता दर विचारू नका. थिअरी आणि सर्टिफिकेटची फी, बोट, साहित्य त्यात धरलंय का, आणि एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हे विचारा. आठपर्यंत चालतात, पण माझ्यासारखीला दोनच बरे. भाच्याच्या गटात चौघे होते. एकाचा मास्क जमेना, तर बाकी तिघे गुडघ्यांवर बसून वाट बघत.

तारकर्लीलाही एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे आणि कोकणातल्या माणसाला तीच सोयीची. फक्त मालवणचं पाणी अंदमानसारखं नितळ नसतं आणि पावसाळ्यात सगळं बंद. मला पहिल्याच वेळी खाली काय आहे ते दिसायला हवं होतं, म्हणून एवढा खर्च केला.

भाच्याच्या पहिल्या दोन डाइव्ह गुरुवारी झकास झाल्या. शुक्रवारी सर्दीने कान मोकळा होईना. औषध घेऊन उतरू म्हणाला, तर प्रशिक्षकाने साफ नाही सांगितलं: औषधाचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा कानात अडकते. शनिवारी दुपारी विमान. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे शनिवारची सकाळही गेली. त्याला १२ मीटरचं, देखरेखीखालचं अर्धं सर्टिफिकेट देऊ केलं, ते त्याने नाकारलं. मग प्रशिक्षकाने झालेल्या भागाच्या नोंदी भरून, सही करून त्याच्या हातात कागद दिला, एक वर्षाच्या मुदतीचा. रेफरल. फेरीत त्याने तो दोनदा उघडून वाचला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “मावशी, दिवाळीत तारकर्लीला येशील का?”